जुन्या टाटाचा गेलेला दम

संपादकांना शहापूर तालुक्यातल्या टँकरवर लेख हवा होता. विषय नवा नाही. भातसा, तानसा, वैतरणा याच मुलखात. पाणी मात्र मुंबईच्या नळाला, आणि उन्हं तापली की इथल्या पाड्यांवर टँकर. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा इथल्या बातमीदारांना दरवर्षी लावावा लागतो. मी टँकरच्या मागावर वाशिंदला आग्रा रोडच्या कडेला एका गॅरेजात पोचलो आणि तिथेच अडकलो. टाकीतल्या पाण्याचा विषय मागे पडला आणि टाकीखालच्या जुन्या टाटाचं इंजिन डोक्यात बसलं.

ट्रकच्या नशिबी म्हातारपणी हलकं काम येतं असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. उमेदीची वर्षं गाडी हायवेवर लाइन मारते, मग खडी नाहीतर विटा वाहते, आणि शेवटी तिच्यावर टाकी चढते. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन, तेही स्वस्थ न बसणारं. रस्ता कच्चा, चढ तोंडावर, गिअर पहिला-दुसरा. गाडी टाटा १६१२ मॉडेलची असेल तर भरल्यावर एकूण वजन सोळा टनांच्या घरात. वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर एवढं वजन ताशी वीस किलोमीटरने न्यायचं तर, ढोबळ हिशेबाने, इंजिनातून नव्वदेक अश्वशक्ती निघावी लागते. कागदावर १२० आहेत. त्यातल्या तीस झिजण्यात आणि गळण्यात गेल्या की ताशी वीसवर गाडी मान टाकते. मग मालक गॅरेजात येतो आणि म्हणतो, “मिस्त्री, पिकअप नाय राहिला. पंप वाढवा जरा.”

गॅरेजवाल्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. साठीच्या आसपासचा माणूस. पंप वाढवा म्हटलं की तो ऐकून घेतो आणि पंपाकडे न जाता मागच्या चाकाला जॅक लावतो.

या इंजिनाची वंशावळ थोडक्यात सांगतो. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. करार १९६९ला संपला, बोनेटवरचा तारा जाऊन टाटांचं ‘टी’ आलं. आतली घडण मात्र पुढे कित्येक वर्षं तीच राहिली. गॅरेजात ज्याला सहाशे सत्त्याण्णव म्हणतात त्या ६९७ इंजिनाच्या आकड्यातच त्याचं माप आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८. गुणाकार केला की ५६७५ सीसी भरतात. त्याला डिझेल पाजणारा पंप मायकोचा. बॉशची ही भारतीय कंपनी १९५१ साली बंगळुरूत निघाली, तिचा नोझलचा कारखाना कसाऱ्याचा घाट चढून गेलं की नाशिकला, आणि कंपनीचं नाव बदलून बरीच वर्षं झाली तरी नाशिककरांच्या तोंडी ती मायकोच आहे.

जॅकवर चढवलेलं चाक मिस्त्रीने हाताने फिरवून पाहिलं. अर्ध्या फेऱ्यात अडलं. ब्रेक धरत होता. म्हणजे इंजिन जी ताकद देत होतं तिचा एक वाटा ब्रेकच खात होता, आणि मालक पंपाला शिव्या घालत होता. तो सैल केल्यावर मिस्त्रीने पोऱ्याला केबिनमध्ये बसवलं. “रेस पूर्ण दाब. अजून. दाबून धर.” स्वतः पंपापाशी वाकला आणि मला बोलावलं. पेडल तळाला टेकलं होतं, पण पंपावरची लिव्हर तिच्या शेवटच्या थांब्यापर्यंत पोचलीच नव्हती. बोटभर फट. मधल्या जोडांच्या, म्हणजे लिंकेजच्या, पिना झिजल्या होत्या, त्यामुळे पायाचा दाब वाटेतच हरवत होता. ड्रायव्हर कित्येक महिने पाऊण रेसवरच गाडी हाकत होता आणि त्याला वाटत होतं इंजिन म्हातारं झालं. नवीन पिना, थोडं अ‍ॅडजस्टिंग. पंपाला अजून हातही लागला नव्हता.

मग एअर क्लीनर. जुन्या गाड्यांत तो ऑइल बाथचा असतो. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. खडीच्या लाइनवर चाललेल्या गाडीत त्या तेलाचा गाळ होतो आणि इंजिनाचा श्वासच कोंडतो. मग डिझेल फिल्टर, फीड पंपातली बारीक जाळी, टाकीच्या तळाचा गंज. टॅपेटची फट, मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढी, थंड इंजिनावर, फीलर गेजने. सहाही नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर. दोनशे बारच्या आसपास दाब आला की नोझलमधून धुक्यासारखा फवारा सुटायला हवा. एका नोझलच्या टोकाला थेंब लोंबला. मिस्त्रीने तो बोटावर टिपून घेतला आणि नोझल बाजूला टाकलं.

या सगळ्यात मी सगळ्यात जास्त वेळ पाहत उभा राहिलो ते टायमिंग. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा सतरापट दाबली जाते, तिच्या उष्णतेने डिझेल पेटतं; म्हणून ते नेमकं कधी आत पडतं यावर सगळं आलं. पिस्टन वर पोचायच्या काही अंश आधी. उशीर झाला तर गाडी ओढत नाही, घाई झाली तर ठोकते. हे मोजायला मिस्त्रीकडे कुठलंही विजेचं यंत्र नाही. पंपाच्या पहिल्या एलिमेंटवरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढली, जागेवर बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली बारीक नळी बसवली. हातपंप मारत राहिलं की नळीतून डिझेलची धार पडते. पोऱ्या पहारीने फ्लायव्हील सरकवतो, केसभर, अजून केसभर. धार बारीक होते, तुटते, थेंब होतात. एका क्षणी थेंबही थांबायला येतात. “बस!” पंपाचा प्लंजर तिथे छिद्र बंद करतो आणि इंजेक्शन तिथून सुरू होतं. खूण पाहायची, जुळत नसेल तर पंप किंचित फिरवायचा, पुन्हा सुरुवातीपासून. बॉशचा असा पंप १९२७पासून बाजारात आहे आणि ही थेंबांची रीतही तेवढीच जुनी असावी. मला ती अजून शंभर वर्षं टिकावी असं वाटतं, आणि टिकणार नाही हेही दिसतं.

एवढं झाल्यावर गाडी पुष्कळदा हसत चढते. मालकाला मात्र ते पुरत नाही, कारण त्याने कुणाकडून तरी सीलच्या स्क्रूबद्दल ऐकलेलं असतं.

पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो, तारेने आणि शिशाने सील केलेला. तो फिरवला की दर ठोक्याला डिझेल जास्त जातं आणि गाडी खरोखर पळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बिनटर्बोचं इंजिन हवा तेवढीच ओढतं. जास्तीचं डिझेल अर्धं जळतं, उशिरा जळतं. मागून काळा धूर, आत पिस्टनच्या डोक्याला नको तेवढी आच, लायनरवरचं तेल धुतलं जातं, हेड गॅस्केट फुंकतं. पुढे रिंगा जातात आणि इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारायला लागतं. दोन उन्हाळे जास्त फेऱ्या मारून मिळवलेलं सगळं एका रिबोअरात जातं. मिस्त्री सील तोडत नाही असं नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर तोडतो, आणि त्याचं त्याला वाईट वाटतं, एवढंच.

मग टर्बो का नाही? आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली ज्याचं पेटंट घेतलं ते हेच, जाणाऱ्या धुराच्या जोरावर जास्त हवा आत कोंबायची. ६९७ची टर्बोवाली आवृत्ती टाटांनी स्वतःच काढली होती, भंगारात तिचा टर्बो मिळतोही. पण टर्बो नुसता बोल्टने लावून भागत नाही. त्या इंजिनाचे पिस्टन वेगळे, ऑइलची लाइन वेगळी, मॅनिफोल्ड वेगळा, पंपाचं सेटिंग वेगळं. थंड करायची सोयही वाढवावी लागते. शिवाय इंजिनाची ताकद वाढली तरी क्लच, प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन जुनेच. आणि ब्रेक. चढ चढवणारी ताकद विकत मिळते. तोच चढ दहा टन पाण्यासकट उतरायचा तर ड्रम आणि लायनर जुन्याच मापाचे. रेल्वेने कसारा घाटात ३७ फुटांत एक फूट चढासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावायची रीत ठेवली; आपल्या ट्रकला ती चैन नाही.

कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे. सील तोडलेली गाडी ती सहसा ओलांडते. राज्यात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर, आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, गाडी जुनी म्हणून फिटनेसची वाढलेली फी. मालक हे सगळं भरतात, कारण नव्या गाडीचा हप्ता टँकरच्या चार महिन्यांत निघत नाही.

माझी खरी काळजी मात्र पंपवाल्यांची आहे. मिस्त्री स्वतः पंप उघडत नाही. तो डिझेल लॅबमध्ये जातो. तिथे बेंचवर मोटरने पंप फिरवतात आणि सहा काचेच्या नळ्यांत सहा एलिमेंटचं डिझेल उतरतं. सहाही पातळ्या सारख्या आल्या पाहिजेत. एक एलिमेंट कमी टाकत असेल तर इंजिनाचा सहावा हिस्सा ओझं होऊन बसतो. हे बसवायला डोळा आणि धीर लागतो. एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ आलं, एप्रिल २०२०ला बीएस-६. तेव्हापासून नव्या ट्रकांत कॉमन रेल, सेन्सर, संगणक. त्यात फिरवायला स्क्रू नाही, आणि मिस्त्रीच्या पोऱ्याला लॅपटॉपचं काम शिकायचंय. तो बरोबरच आहे. पण शहापूर-मुरबाडच्या डोंगरातली पाण्याची गाडी अजून बरीच वर्षं मायकोच्या पंपावरच चालेल. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये आमणेपर्यंत खुला झाला आणि नव्या गाड्या बोगद्यातून घाटाखालून निघून गेल्या. पाड्यावरचा चढ तिथेच आहे.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना आठवडाभर तरी एखाद्या चालू डिझेल लॅबमध्ये बेंचपाशी उभं करावं, त्याला फार खर्च येत नाही. आणि ज्यांच्या दारात जुनी टाटा उभी आहे त्यांनी टँकरचा हंगाम तोंडावर येईपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात गाडी रिकामी असते तेव्हा आधी ब्रेक, लिंकेज आणि फिल्टर बघून घ्या, मग पंप बेंचवर चढवा, आणि परत घेताना सहाही नळ्यांचं माप कागदावर लिहून मागा.