एक टेबल, चार मेनू

सकाळी साडेनऊ
भालकीत शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक बहुधा तहसीलच्या वाटेवरचं असतं. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे, पण तो कशासाठी ते सांगायचं मराठीत. भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात डीटीपीचं दुकान असंच चालतं. कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्री-लिपी, पत्रिकेला कोरलड्रॉ, फोटोला फोटोशॉप, पत्राला वर्ड नाहीतर लिबरऑफिस. नुडीत इंग्रजी 'के' दाबला की कन्नड 'क' येतो. मराठीसाठी आम्ही टायपिंगच्या क्लासमध्ये शिकलेली टाइपरायटरची मांडणी वापरतो, तिथे 'क' भलतीकडेच. म्हणून नव्या पोराला मी दोन्हीकडे इनस्क्रिप्टच शिकवतो. १९९१ साली मानक ठरलेल्या त्या मांडणीत 'त' मराठीतही 'एल'वर आणि कन्नडमध्येही 'एल'वर. लिपी बदलली तरी बोट हलत नाही.

साडेदहा
मराठी शाळेची प्रश्नपत्रिका. मजकूर तयार, फक्त समास बसवायचे. जुन्या वर्ड २००३ मध्ये पेज सेटअप फाइल मेनूत होतं. २००७ साली मेनू जाऊन रिबन आली आणि ते पेज लेआउटच्या टॅबमध्ये गेलं. लिबरऑफिसमध्ये तेच काम फॉरमॅट मेनूतल्या पेज स्टाइलमध्ये. यातलं कुठलंच चूक म्हणता येत नाही. पान फाइलचं असतं हेही खरं, पानाला रूप द्यायचं असतं हेही खरं. पण बाहेर सर उभे असताना हे तत्त्वज्ञान कोण ऐकणार!

साडेअकरा
लग्नसराई. वधू इकडची, वर उदगीरकडचा, म्हणून एक पत्रिका दोन भाषांत. दिवसातला खरा वेळ इथे जातो आणि खरी गंमतही इथेच. मजकूर जुळला, गणपती बसला, की शेवटी अक्षरांचं कर्व्ह करायचं, कारण छापखान्याच्या मशीनवर आपला फॉन्ट असेलच असं नाही. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी कंट्रोल-क्यू. हेच कंट्रोल-क्यू फोटोशॉपमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये प्रोग्रॅमच बंद करतं. वर्डमध्ये परिच्छेदाची सजावट पुसतं. कंट्रोल-डी घ्या: कोरलमध्ये नक्कल, एक्सेलमध्ये वरचा मजकूर खाली, फोटोशॉपमध्ये निवड रद्द, जुन्या पेजमेकरमध्ये चित्र आणणं.

"दादा, सगळीकडं एकच का ठेवत नाहीत?" पोरगा विचारतो.

ठेवायचा प्रयत्न झाला होता. १९८७ साली आयबीएमने सगळ्या प्रोग्रॅमांसाठी समान नियम मांडले. एफ-वन म्हणजे मदत, ऑल्ट-एफ-फोर म्हणजे बंद, ही त्याच घराण्यातली. मेनूतल्या नावापुढचे तीन टिंबही असेच एक जुने वळण: ही कमांड लगेच काही करणार नाही, आधी काहीतरी विचारेल. पोराला मी सर्वांत आधी हे टिंब दाखवतो. टिंब असेल तर बिनधास्त दाब, नसेल तर थांबून वाच.

दीड
वीज गेली. जेवण.

तीन
गर्दी नसते, म्हणून टूलबार लावायला बसतो. कोरलड्रॉ आणि लिबरऑफिस दोन्ही हवं ते बटण हवं तिथे ठेवू देतात. कंपन्या कमांड प्रकाराने लावतात, म्हणजे रेषेच्या रेषेपाशी, रंगाच्या रंगापाशी. माझी मांडणी कामाच्या क्रमाने असते: डावीकडे इम्पोर्ट, मग अलाइन, ग्रुप, कर्व्ह, आणि अगदी उजव्या टोकाला एक्स्पोर्ट. पत्रिका डावीकडून उजवीकडे पुढे सरकते. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-क्यूवरून बंद करण्याची कमांड काढून टाकली, तिथे काहीच ठेवलं नाही. हाताने चुकून दाबलं तरी काही होत नाही, एवढं पुरे.

आपोआप बदलणारे मेनू मात्र मला कधीच पटले नाहीत. ऑफिस २००० मध्ये कमी वापरलेल्या कमांड मेनूतून लपायच्या आणि वापरलेल्या तेवढ्याच दिसायच्या. वर्षातून एकदा लागणारी कमांड नेमकी त्या दिवशी दिसत नसे. डोळा नाव वाचत बसत नाही, तो जागेवर जातो. जागाच रोज हलली तर शिकलेलं काय कामाचं? त्यापेक्षा लिबरऑफिसने २०१६ च्या ५.१ आवृत्तीत केलेली फेररचना मला मान्य: कॅल्कमध्ये शीट, रायटरमध्ये स्टाइल्स असे नवे मेनू दिले आणि विखुरलेल्या कमांड तिथे आणल्या. सुरुवातीचे काही दिवस शोधाशोध होते, पण एकदा बसलं की बसलं.

साडेपाच
एक काका जुना फोटो नीट करायला घेऊन येतात. "थोडं उजळ करा बघा, पण माणूस तोच दिसू द्या." फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जायचं, पुन्हा दाबलं की तेच पाऊल परत यायचं. सीसी २०१९ पासून ते बाकी प्रोग्रॅमांसारखं पावलामागून पाऊल मागे जातं. जुन्या कारागिरांनी कुरकुर केली असेल, पण हा बदल योग्यच.

साडेसात
पत्रिकेची फाइल उदगीरला गेली. शटर ओढण्याआधी पोराला रोजचं एक काम लावून दिलंय: टूलबार, शॉर्टकट बदलले असतील तर कोरलड्रॉमधून वर्कस्पेस एक्स्पोर्ट करायची, लिबरऑफिसच्या कस्टमाइझ खिडकीतून कीबोर्डची मांडणी सेव्ह करायची आणि दोन्ही पेनड्राइव्हवर टाकायचं. डीटीपीचं दुकान चालवत असाल तर मशीन फॉरमॅटला देण्याआधी एवढं नक्की करा. फॉन्ट पुन्हा मिळतात, पण बसवलेली मांडणी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.