छताचा आवाज ओळखणारे कान

गेल्या पावसाळ्यात काशीगावातील माझ्या दवाखान्यात एक सूनबाई आपल्या अडुसष्ट वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन आल्या. मुलाची नोकरी इकडे, म्हणून ते चंद्रपूर सोडून मीरा-भाईंदरला राहावयास आले होते. तक्रार खोकल्याची होती. परंतु सूनबाईंनी आधी दुसरीच व्यथा सांगितली. "बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं. माझ्या आणि नातीच्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत." आजोबा भिंतीकडे पाहत बसले होते.

नोकरी कोठे होती, असे मी विचारले. कोळसा खाणीत, एवढेच सूनबाईंना ठाऊक होते. मग मी तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि समोर बसून सावकाश आजोबांनाच विचारले. "एसडीएल ऑपरेटर. सव्वीस वर्षं, अंडरग्राउंड," ते म्हणाले, आणि पुढे बोलतच राहिले.

वाचकहो, एसडीएल म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारे, विजेवरचे बुटके यंत्र. सुरुंगाने फुटलेला कोळसा ते बकेटने उचलते आणि बकेट बाजूला कलंडून टबमध्ये किंवा चेन कन्व्हेअरवर ओतते. मागे विजेची केबल फरफटत असते. ती यंत्राखाली येऊ नये म्हणून एक नजर सतत मागे. उजेड काय तो टोपीवरच्या दिव्याचा. काम सुरू होण्यापूर्वी छत दांड्याने ठोकून पाहतात. ठणठणीत नाद आला तर छत पक्के. भद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटलेला, माणसे मागे. "माझ्या पाळीत छतानं कुणाला धरलं नाही, डॉक्टरसाहेब," आजोबा म्हणाले. सूनबाई हे प्रथमच ऐकत होत्या.

ज्या कानांवर इतरांचे प्राण अवलंबून होते, तेच कान यंत्राच्या घरघरीने झिजले. अशा बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. कोणी बोलते आहे हे कळते. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटल्याने काय बोलले हे कळत नाही. स्त्रियांचे व मुलांचे आवाज त्यामुळे अधिक अवघड. यास हट्ट समजणे अन्यायाचे आहे. ओरडूनही उपयोग नाही. समोर येऊन, टीव्ही बंद करून, किंचित खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे. ऑडिओमेट्री करून श्रवणयंत्राचा सल्ला घ्यावा. मात्र यंत्र सरावायला काही आठवडे लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात ते कपाटात जाते, हा माझा नेहमीचा अनुभव.

खोकल्याचे पाहू. कोळशाची व दगडाची अतिसूक्ष्म धूळ थेट वायुकोशांपर्यंत पोहोचते. तिने झालेला फुप्फुसाचा विकार निवृत्तीनंतरही वाढू शकतो, आणि सिलिकाची धूळ गेलेल्या माणसाला क्षयाचा धोका अधिक असतो. म्हणून दोन आठवड्यांहून जुना खोकला 'वयामुळे' म्हणून सोडू नये. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री करून घ्यावी. बसलेली धूळ काढणारे औषध नाही. विडी सोडणे, फ्लू व न्यूमोकोकसची लस आणि शिकवून घेतलेले श्वासाचे व्यायाम यांनी मात्र बरेच साधते.

नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीज खाणीतून कोणी निवृत्त झाले असेल, तर हातांचा कंप किंवा मंदावलेली चाल यांविषयी डॉक्टरांना नोकरीसह सांगावे. दीर्घकाळ शरीरात गेलेले मँगनीज पार्किन्सनसारखी लक्षणे देते. १९५२ च्या खाण कायद्यान्वये सिलिकोसिस, न्यूमोकोनिओसिस आणि मँगनीजची विषबाधा हे तिन्ही अधिसूचित रोग ठरले. नोकरीत ठरावीक काळाने झालेल्या वैद्यकीय तपासणीचे कागद जुन्या एक्स-रेसह जपून ठेवावेत. नव्या डॉक्टरला तुलना त्यांवरूनच करता येते, आणि भरपाईचा प्रश्न आला तर तेच कामी येतात.

आजोबांच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. एक्स-रेमध्ये वरच्या भागात बारीक ठिपके दिसले, म्हणून मी त्यांना छातीच्या तज्ज्ञांकडे पाठविले. जुने कागद चंद्रपूरच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. मुलगा दिवाळीत ते आणणार आहे. नात आता जेवताना त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसते.