चौदा सुया गेल्या, भीती मात्र राहिली



कुत्रे चावले की खटकचिंचोळीच्या परिसरात आजही एखादे वडीलधारे म्हणतात, "दवाखान्यात नको. पोटात चौदा सुया टोचतात, आणि माणसाचे पाय जातात." ह्या बोलण्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. एके काळी त्यात तथ्य होते. ते का होते आणि आज का नाही, हे पाहू या.

ती जुनी लस करण्याची रीत डेव्हिड सेंपल ह्यांनी १९११ साली कसौलीला बसवली. आपल्या देशात पुढे मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवीत, कार्बोलिक आम्लाने ते मारीत आणि तो मेंदूच वाटून त्याची लस करीत. लस स्वस्त होती, तिने पुष्कळ जीव वाचवले. परंतु टोचून घेणाऱ्यांपैकी मोजक्या लोकांना काही दिवसांनी ताप येई, डोके दुखे, मग पायांतली शक्ती जाई, लघवी अडे. विषाणू तर मेलेले. मग हे केले कोणी?

केले ते आपल्याच शरीराच्या राखणदारांनी. आपल्या कातडीत फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या काही पेशी असतात. १८६८ साली लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला त्या दिसल्या, पण त्याला वाटले ह्या मज्जातंतूच्या पेशी. १९७३ साली अमेरिकेत स्टाइनमन आणि कोन ह्यांनी प्लीहेतील तशाच पेशींना डेन्ड्रायटिक पेशी हे नाव दिले. त्यांचे काम गावच्या कोतवालासारखे. परके काही सापडले की त्याचा तुकडा घेऊन त्या जवळच्या गाठीत जातात आणि तिथल्या लढाऊ पेशींना दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येते ना? तीच ती चावडी. कोतवाल स्वतः मारत नाही, पण कोणाला मारायचे ते तोच दाखवतो. धोक्याची खूण नसेल, तर तोच सांगतो, "हा आपला आहे, सोडा."

जुन्या लशीत विषाणूबरोबर मेंढीच्या मज्जातंतूंवरील वेष्टणही जाई, आणि ते आपल्या वेष्टणाशी फार जुळते. कोतवालाने दोन्ही तुकडे एकदमच चावडीवर नेले, असे आता समजतात. लढाऊ पेशी मग मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील रज्जूत शिरून घरच्याच माणसावर तुटून पडत. अशा रुग्णांच्या रक्तात त्या वेष्टणाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडल्याचे थायलंडमधून १९८७ साली प्रसिद्ध झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या आजारातही हेच वेष्टण झिजते. तिथे मात्र कोतवालाची दिशाभूल कशाने होते, त्याचा शोध चालूच आहे. स्टाइनमन ह्यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, पण तीनच दिवसांपूर्वी ते वारले होते.

भारतात मेंदूपासूनची लस डिसेंबर २००४ पासून बंद आहे. आजची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात. तिच्यात मेंदूचा अंश नसतो. ती पोटात नव्हे, दंडात देतात: स्नायूत दिली तर पहिला दिवस धरून ०, ३, ७, १४, २८ ह्या दिवशी, आणि कातडीत दिली तर ०, ३, ७, २८ ह्या दिवशी. कातडीत ०.१ मिलिलिटर इतका थेंब दोन जागी पुरतो, कारण तिथे तेच कोतवाल दाटीने बसलेले असतात. ज्यांच्यामुळे पाय जात, त्यांच्याच भरवशावर आता कमी लशीत काम भागते!

चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, तंबाखू काही लावू नका. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत भरण्याचे तयार प्रतिद्रव्यांचे औषधही लागते. ते डॉक्टरांकडे मागून घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून "कुत्रे पाळीव होते, बघू उद्या" हे चालायचे नाही. आणि गोठ्यातली म्हैस लाळ गाळू लागली, गिळेनाशी झाली, तर घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.