ईथरलीला नेमकं काय झालं होतं?

उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेला एक मराठी घरातला मुलगा पुढे हिंदीतला मोठा कवी झाला. ते गजानन माधव मुक्तिबोध. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. गजाननरावांच्या ‘क्लॉड ईथरली’ या कथेत निवेदकाला वेड्यांच्या इस्पितळापाशी भेटलेला एक इसम सांगतो, की आत हिरोशिमाचा अमेरिकी वैमानिक कोंडलेला आहे. अपराधाच्या जाणिवेनं त्याला तिथं पोचवलं, हा कथेचा गाभा.

खरा ईथरली टेक्सासचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्बवाहू विमानाच्या आधी जाऊन त्यानं हिरोशिमावरचं हवामान कळवलं होतं. युद्धानंतर आत्महत्येचा प्रयत्न, खोटे चेक, चोऱ्या आणि वेकोच्या मनोरुग्णालयात पुन्हापुन्हा मुक्काम. त्याच्याशी पत्रव्यवहार करणारे तत्त्वज्ञ ग्युंटर आंडर्स यांच्या मते हा पश्चात्तापानं पोळलेला माणूस होता. १९६४ साली पत्रकार विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई यांनी पुस्तक लिहून तो पश्चात्तापच नाकारला.

आंडर्स आणि ह्यूई या दोघांनाही एकाच कारणात बसणारं उत्तर हवं होतं. ही ओढ जुनी आहे, आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. तीन एकेका दोषाचे, एक तिन्ही दोषांच्या प्रकोपाचा, एक बाहेरून आलेला ‘आगंतु’. म्हणजे कारणं अनेक असू शकतात, हे तेव्हाही मान्य होतं. पण १९१३ साली नोगुची आणि मूर यांना एका विशिष्ट वेडाच्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले आणि शरीरातच सगळी उत्तरं मिळतील, या आशेला बळ आलं. फ्रॉइडपंथीयांनी बालपण खणलं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनियाचा संबंध आईच्या वागण्याशी जोडला. पुराव्याअभावी तो सिद्धांत मागे पडला, पण तोवर कितीतरी आयांनी मुलाच्या आजाराचा दोष स्वतःच्या माथी घेतला होता. आपल्याकडेही ‘आईनं लाडावून ठेवला’ असं नातेवाईक बिनदिक्कत म्हणतात, आणि ते क्रूर आहे.

१९७७ साली डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार करायला सांगितलं. एकबीज जुळ्या भावंडांची जनुकं सारखी असूनही एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला तो अनेकदा होत नाही. आनुवंशिकता धोका वाढवते, आजार ठरवून टाकत नाही.

ईथरली १९७८ मध्ये वारला. आघातोत्तर तणावाच्या विकाराला अमेरिकी निदानसूचीत जागा मिळाली १९८० साली. पण एकाच लढाईतून परतलेल्या सगळ्या सैनिकांना हा विकार जडत नाही. बालपणीचे आघात, युद्धात काय पाहिलं, घरी परतल्यावर कुणी आधार दिला का, या सगळ्यानं फरक पडतो. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ आजही झोपेबरोबर दारूबद्दल, नोकरीबद्दल, घरातल्या माणसांबद्दल विचारतो.