चाळीस तासांत न मावणारा समन्वयक

आठवड्याला किमान ४० तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत अध्यापकाचा कार्यभार एवढा आहे. त्यातले १६ तास साहाय्यक प्राध्यापकानं प्रत्यक्ष शिकवायचं. उरले २४. तासाची तयारी, पेपर तपासणी, संशोधन, विद्यार्थ्यांच्या अडचणी, सगळं त्यातच. अशा माणसाला ‘आयक्यूएसी’चा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, समन्वयक केलं की त्या कामाचे तास आणायचे कुठून?

या कक्षाचं मोठं काम नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी. नॅकचे निकष ७. त्यांखालच्या दाव्यांना पुरावे लागतात: सह्यांचे कागद, फोटो, एक्सेलचे तक्ते. वार्षिक अहवाल दरवर्षी. माहिती मात्र असते विभागप्रमुखांकडे, ग्रंथालयात, कार्यालयात, आणि समन्वयक यांच्यापैकी कुणाचाच साहेब नसतो. व्हॉट्सअॅपवर ‘कृपया आजच पाठवा’ म्हणत विनवण्या करायच्या, एवढंच त्याच्या हाती. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, तिथे मानसिक ताण सर्वाधिक, अशी मांडणी संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९मध्ये केली होती. समन्वयकाची खुर्ची त्या मांडणीत नेमकी बसते.

दिवसाला अडीच तास घरी नेले, तर सहा दिवसांचे १५. चाळिसात मिळवले की ५५. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१च्या अभ्यासात धोक्याची रेषा इथेच आहे: ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तासवाल्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त.

शरीराचं हे झालं. ‘बर्नआउट’ला याच आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये आजार नव्हे, तर कामातून उद्भवणारी स्थिती म्हटलं. खुणा तीन: गळून जाणं, कामाविषयी कडवटपणा, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. मला दुसरी जास्त खुपते. थकलेला मास्तर सुटीत सावरतो. कडवटलेला वर्गात जातो, पण शिकवत नाही.

बढतीच्या हिशेबात या पदाला किंमत किती? २०१८च्याच विनियमांतल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात शिकवण्यापलीकडच्या कामांचे ७ प्रकार आहेत. किमान ३ केले की शेरा ‘चांगला’. समन्वयकपद त्यातल्या एका प्रकारात मोडतं, चर्चासत्र भरवणं दुसऱ्यात. वर्षभराची जागरणं आणि दोन दिवसांचं चर्चासत्र, कागदावर सारखंच.

त्याआधीच्या, २०१०च्या विनियमांत प्रशासनात गुंतलेल्यांना आठवड्याला २ तासांची सवलत ‘देता येईल’ असं म्हटलं होतं. तीही फक्त प्रोफेसरांना. हेच पद साहाय्यक प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं, तर त्याला ते दोन तासही नव्हते.