बाजीप्रभूंच्या जखमा कुठे गेल्या?

ठाण्यातील एका शाळेचे स्नेहसंमेलन चालू होते. पडदा वर गेला आणि रंगमंचावर १६६० सालची घोडखिंड उभी राहिली. नववीतला एक उंचापुरा मुलगा बाजीप्रभू झाला होता. प्रवेशाच्या मध्यावर तो विंगेत गेला आणि अंगरखा बदलून परत आला. या दुसऱ्या पांढऱ्या अंगरख्यावर चित्रकलेच्या बाईंनी आदल्या दिवशी खपून जखमा रंगवल्या होत्या. लाल रंगाचे असे मोठमोठे डाग, की रंगपटात ते पाहून बालवाडीतली दोन मुले रडू लागली होती. तेवढ्यात प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या शिक्षकांना वाटले, की युद्धाला जरा रंग भरावा. त्यांनी सगळा रंगमंच लालभडक करून टाकला. आणि जखमा नाहीशा झाल्या! प्रेक्षकांना दिसला तो परीटघडीच्या अंगरख्यातला एक वीर, काही कारण नसताना कोसळणारा. मागच्या रांगांत हशा पिकला. ज्या प्रसंगाला डोळे पाणवायचे, त्या प्रसंगाला हशा! बाई तर विंगेत रडकुंडीला आल्या.

तो लाल दिवा लावणारा शिक्षक मीच होतो आणि मी विज्ञान शिकवतो, हे इथेच कबूल केलेले बरे.

विद्यार्थी मित्रांनो, असे का झाले असेल? कापडाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. तो परत आलेला भाग म्हणजे कापडाचा रंग. पांढरे कापड सर्व रंग परत पाठवते, लाल डाग फक्त लाल परत पाठवतो. आता प्रकाशच नुसता लाल असेल तर? पांढरा अंगरखा लाल प्रकाश परत पाठवतो आणि लाल डागही लाल प्रकाशच परत पाठवतो. डोळ्याला दोहोंत फरक कळावा कसा? त्याच वेळी मावळ्यांच्या कमरेचे हिरवे शेले काळे ठिक्कर पडले होते, कारण लाल प्रकाशात त्यांना परत पाठवण्याजोगे काहीच नव्हते. जखमांच्या गडबडीत तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही इतकेच.

हा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल. पांढऱ्या कागदावर लाल आणि हिरव्या खडूने एकेक जाड रेघ ओढा. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनच्या कागदाच्या दोन घड्या बांधा आणि अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रकाश पाडा. लाल रेघ शोधावी लागेल, हिरवी मात्र काळी होऊन ठळक उठेल. यातच उपायही आहे. पुढच्या वर्षी बाईंनी जखमांच्या लाल रंगात काळा आणि थोडा हिरवा मिसळला. रंगपटात ते डाग चहा सांडल्यासारखे दिसत, पण लाल प्रकाशात ओल्या रक्तासारखे वाटले.

कपडेपटाची बहुतेक फसगत अशीच होते. कपडे निवडले जातात दुकानाच्या दिव्याखाली, घालून पाहिले जातात आरशासमोर, आणि दिसतात मात्र तिसऱ्याच ठिकाणी. पागोटे आणि शेला एकाच रंगाचे हवेत म्हणून तुम्ही दुकानात ते शेजारी ठेवून जुळवून घेता. रंगमंचावर एक तांबूस आणि दुसरे पिवळट दिसते. दुकानदाराने फसवलेले नसते. पागोटे सुती आणि शेला पॉलिएस्टरचा असेल, तर दोघांना एकच रंगद्रव्य चालत नाही. सुताला धरणारी रंगद्रव्ये निराळी, पॉलिएस्टरमध्ये शिरणारी निराळी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणारे कारखाने आहेत. तिथल्या रंगाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक असते. दोन वेगळी मिश्रणे एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दिवा बदलला की फारकत घेतात. आजकाल नाट्यगृहांत एलईडीचे दिवे आले आहेत. त्यांतल्या काहींचा पिवळा प्रकाश खरा पिवळा नसतोच. लाल आणि हिरवा एकत्र करून तो बनवलेला असतो. जुन्या तारेच्या दिव्याखाली जुळलेली जोडी तिथे पुन्हा बिघडू शकते.

पूर्वीच्या नाटकवाल्यांपुढे याची वेगळीच तऱ्हा होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ रंगवले तेव्हा विजेचे दिवे कुठले? तेलाच्या ज्योतीत निळा प्रकाश फार थोडा असतो. तिच्या उजेडात निळे कापड मळकट दिसते. लाल, पिवळे आणि सोनेरी मात्र खुलते. पौराणिक नाटकातले बेगडाचे मुकुट आणि जरीचे काठ दिवसाउजेडी आपल्याला भडक वाटतात. एखाद्या रात्री वीज गेली तर समईच्या उजेडात जरीचा काठ पाहा, म्हणजे तो भडकपणा कशासाठी ते कळेल.

आता अंतराचा विचार करू. ठाण्याला मासुंदा तलावाकाठी १९७८ साली सुरू झालेले गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांपैकी कुठेतरी तुम्ही नाटक पाहिले असेल. समजा, तुमची जागा रंगमंचापासून २० मीटरवर आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे तर त्यांनी डोळ्याशी निदान एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करायला हवा. २० मीटरवर याचा अर्थ होतो सुमारे ६ मिलिमीटर. म्हणजे एखाद्या आईने रात्री जागून अंगरख्यावर तीन तीन मिलिमीटरची नाजूक वेलबुट्टी भरली, तर तिथून ती दिसणार नाही. वेलीचा हिरवा आणि कापडाचा पिवळा एकमेकांत मिसळून एक पोपटी ठिगळ दिसेल. त्यापेक्षा दोन बोटे रुंद काठ शिवावा. जवळून तो ओबडधोबड दिसतो, पण लांबून रेखीव वाटतो. (आईला हे आधी सांगावे, वेलबुट्टी भरून झाल्यावर नव्हे.)

तुम्ही म्हणाल, मग दोन-तीन मिलिमीटरची टिकली शेवटच्या रांगेतून कशी दिसते? शंका रास्त आहे. एक कलेची मर्यादा दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची आहे, एक तेजस्वी गोष्ट दिसण्याची नव्हे. आकाशातल्या ताऱ्याचा कोन कलेपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी तो दिसतोच ना? टिकली हा लहानसा आरसा आहे. नट हलला की क्षणभर दिव्याचे प्रतिबिंब नेमके तुमच्याकडे फेकले जाते आणि ती लुकलुकते. म्हणून टिकल्या लावायच्या त्या हलणाऱ्या जागी. बाहीच्या टोकाला लावलेल्या दहा टिकल्या पाठीवरच्या शंभरांना भारी पडतात.

हे झाले बाहेरून. पण कपडा कोणीतरी आतून घातलेला असतो, आणि तिथले हाल प्रेक्षकांना दिसत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत, मे महिन्यात, ठाणे-कल्याणकडच्या दमट हवेत बालनाट्याची तालीम करून पाहा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. तलवारबाजी करताना ती सहज ३००च्या वर जाते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. तेव्हा ३०० ज्यूलचा सगळा भार घामावर टाकला, तर मिनिटाला साडेसात ग्रॅम, म्हणजे वीस मिनिटांच्या प्रवेशात १५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. तो वाळला पाहिजे, हे महत्त्वाचे. नुसता गळून पडलेला घाम शरीराला थंड करत नाही.

इथे कापडाची निवड आडवी येते. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. भाड्याच्या कपड्यांतले चकचकीत सॅटिन बहुधा पॉलिएस्टरचे असते. त्यावर अस्तर, वर शेला, छातीवर पुठ्ठ्याचे चिलखत. आतली हवा ओलाव्याने भरून जाते आणि घाम वाळायचा थांबतो. मग तालमीत टुणटुणीत असलेला मुलगा प्रयोगात भोवळ येऊन पडतो, आणि सगळे म्हणतात, नजर लागली! अंगरख्याखाली सुती बंडी घालावी. ती घाम टिपून मोठ्या पृष्ठभागावर पसरवते. चिलखताला काखेखाली फटी ठेवाव्यात आणि प्रवेश संपताच ते उतरवून पंख्याखाली बसावे. पाणीही प्यावे. मेकअप बिघडेल म्हणून मुलांना पाणी न देणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत.

कृत्रिम रेशमाची, म्हणजे रेयॉनची, गोष्ट आपल्या घरचीच आहे. कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे, आणि मोहन्याचा एन. आर. सी.चा कारखाना २००९ साली बंद पडला. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून मधासारखा दाट द्रव बनवतात. तो बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला की त्याचा धागा होतो. रूप रेशमाचे, पण घटक कापसाचाच, म्हणजे सेल्युलोज. म्हणून रेयॉन ओलावा सुतापेक्षाही जास्त शोषतो आणि अंगाला सुखाचा वाटतो. त्यात एक खोड आहे. ओला झाला की त्याचे बळ जवळजवळ निम्मे होते, तर सूत ओले झाल्यावर उलट थोडे बळकट होते. घामाने भिजलेला रेयॉनचा अंगरखा तलवार उगारताच काखेत फाटतो तो यामुळे. तिथे सुती कापडाचा चौकोनी तुकडा जोडला की निभावते.

शेवटी आगीविषयी, आणि इथे मात्र थट्टा नाही. पॅरिसच्या ऑपेरात १८६२ साली एम्मा लिव्री या तरुण नर्तिकेचा झिरझिरीत झगा तालमीत गॅसच्या दिव्याला लागून पेटला. आठ महिने यातना सोसून ती वारली. झगे पेटू नयेत म्हणून ते क्षारांच्या पाण्यात बुडवण्याची रीत तेव्हा माहीत होती. गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने टाकणखार आणि अमोनियमचे क्षार यासाठी १८२१ सालीच सुचवले होते. पण अशा पाण्यातून काढलेला झगा ताठर आणि मळका दिसतो, म्हणून तिने तो घालण्याचे नाकारले होते.

पातळ, सैल आणि घोळदार कापडाला चहूबाजूंनी हवा मिळते, त्यामुळे ते झपाट्याने पेटते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर दिव्याच्या वातीसारखे होते: सूत जळत राहते आणि वितळलेले पॉलिएस्टर त्याला तेल पुरवते. टाकणखाराच्या पाण्याचा उपयोग सुती आणि रेयॉनच्या कापडाला होतो, पॉलिएस्टरला नाही, आणि एका धुण्यात तो गुण निघूनही जातो. म्हणून पेटती मशाल घेऊन सॅटिनचे मावळे रंगमंचावर धावत असतील, तर ती मशालच काढून घ्यावी.

आम्ही तसेच केले. टिनाच्या डब्यात बॅटरीवर फिरणारा लहान पंखा बसवला, त्याभोवती नारिंगी रंगाचे छोटे दिवे लावले आणि डब्याच्या तोंडाला पातळ रेशमाच्या पिवळ्या-तांबड्या पट्ट्या बांधल्या. पंखा चालू झाला की पट्ट्या फडफडत वर उठत. पहिल्या रांगेतल्यांना ती युक्ती कळली. सहाव्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मात्र मध्यंतरात येऊन मुलांच्या हाती विस्तव दिल्याबद्दल मला चांगले फैलावर घेतले.