बाळाला रक्त चढवताना हातावर नजर ठेवा

एरवी मी बी-बियाणे आणि खतांविषयी लिहितो. आज घरातल्या सर्वांत नाजूक रोपाविषयी लिहितो आहे.

माझी नात दिवस भरण्याआधीच जन्मली. वजन जेमतेम दीड किलो. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी रक्त चढवायचे ठरवले. अशा बाळाला किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर रक्त देतात. म्हणजे नातीला फार तर ३० मिलिलिटर, दोन मोठे चमचे! तेही यंत्राने हळूहळू, काही तास जात राहते.

तासाभराने सूनबाई दाराशी आली. म्हणाली, "मामंजी, बाळाची मूठ फुगल्यासारखी दिसते. सिस्टरना सांगू का? रागावणार नाहीत ना?" मी म्हटले, "आधी सांग, मग बोलू."

सिस्टरनी येऊन लगेच रक्त थांबवले. सुई शिरेतून सरकली होती आणि रक्त कातडीखाली साचत होते. त्यांनी सुई काढली, हात थोडा उंच ठेवला आणि दुसऱ्या हाताला नवी सुई लावली. सूज दुसऱ्या दिवशी उतरली.

तान्ह्या बाळाच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक असतात आणि दुखले तरी त्याला सांगता येत नाही. यंत्र मात्र चालूच राहते. मोटार चालू आहे म्हणजे पाणी मुळाशी पोचतेच असे नाही, हे आपल्याला ठिबकने शिकवलेच आहे. इथे तर बाळाला हवे ते रक्त मिळत नाही, आणि सूज फार वाढली तर कातडीलाही इजा होते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. सुईची जागा दुपट्याखाली झाकू नका. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय ताडून पाहा. सुईजवळ सूज, ताठलेली चकचकीत कातडी, गारपणा, पांढुरकेपणा किंवा निळसरपणा दिसला, अथवा हात हलवताच बाळ कळवळून रडले, तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. आपण होऊन चोळू नका, शेकू नका, हळद-तेल लावू नका, सुई ओढू नका. घरी आल्यावर त्या जागी फोड आला किंवा कातडी काळी पडली, तर बाळाला पुन्हा दवाखान्यात दाखवा.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला उपचार आणि रक्त मोफत मिळते. तेव्हा खर्चाच्या भीतीने बाळाला घरी ठेवू नका.

आणि विचारायला लाजू नका. रोपावरची कीड आधी दिसते ती रोज बांधावर जाणाऱ्यालाच. बाळाच्या बाबतीत तो मान आईचा.